संसद गप्प बसली, तर हुकुमाचं काय होतं?

देशाचा प्रमुख नुसत्या सहीवर कारभार हाकू लागला तर त्याला अडवतं कोण, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. निम्मी ट्रम्प यांच्याबद्दल, काही आपल्याकडच्या वटहुकुमांबद्दल, आणि एका गृहस्थांनी थेट ‘आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं काय करावं’ असं विचारलंय. त्यांच्याकडेही येतो.

प्रश्न : अमेरिकेचे अध्यक्ष सही करतात ती एक्झिक्युटिव्ह ऑर्डर आणि आपले राष्ट्रपती काढतात तो वटहुकूम. नावं दोन, पण गोष्ट एकच ना? – एक वाचक, सांगली

नाही. कागदावर पाहाल तर उलट आपला वटहुकूमच जास्त जोरकस आहे. संविधानाच्या कलम १२३ प्रमाणे संसदेची दोन्ही सभागृहं एकाच वेळी चालू नसतील तेव्हा राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात, आणि निघाल्यापासून तो संसदेने केलेल्या कायद्याइतकाच चालतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी सोय नाही. तिथला आदेश म्हणजे अध्यक्षांनी आपल्याच खात्यांना दिलेली सूचना. तिच्या पाठीशी राज्यघटनेतला एखादा अधिकार किंवा काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, एखादा कायदा दाखवावा लागतो.

तो दाखवता आला नाही तर काय होतं, ते अध्यक्ष ट्रुमन यांच्या बाबतीत दिसलं. कोरियात युद्ध चालू होतं, पोलाद कामगार संपावर जायच्या बेतात होते, आणि ८ एप्रिल १९५२ रोजी ट्रुमन यांनी देशातले पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घ्यायचा आदेश काढला. दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. त्या निकालात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी केलेली विभागणी अजून वकिलांच्या तोंडी असते. संसदेची संमती असेल तेव्हा अध्यक्ष सगळ्यात बळकट, संसदेची इच्छा उलटी असेल तेव्हा सगळ्यात दुबळा, आणि संसद काहीच बोललेली नसेल तर? तेव्हा संधिप्रकाश. हा संधिप्रकाश लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आपल्याला तिथला अध्यक्ष एवढा बलाढ्य का वाटतो? कारण तिथे ठरवणारं डोकं आणि सही करणारा हात एकाच माणसाचा असतो. आपल्याकडे डोकं मंत्रिमंडळाचं. राष्ट्रपती फार तर कागद एकदा परत पाठवतील. पुन्हा आला की सही करायचीच. आणीबाणीत अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र छापून आलं होतं, १९७५ च्या डिसेंबरात. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेत, दार किलकिलं आहे, सही केलेला कागद बाहेर देताना म्हणतायत, आणखी वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा.

प्रश्न : माझा मुलगा एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सुट्टीवर घरी आलेला असताना एका रात्रीत एक लाख डॉलरची भानगड झाली आणि तो गणपतीनंतरचे पाहुणे सोडून परतला. एका माणसाला असं करता कसं येतं? – एक आई, कोथरूड

तुमच्यासारखी पत्रं आणखी चार आली आहेत. झालं ते असं. १९ सप्टेंबरला, शुक्रवारी, ट्रम्प यांनी एक घोषणापत्र काढलं. एच-वन-बीच्या अर्जासोबत एक लाख डॉलर भरलेले नसतील तर देशात प्रवेश नाही, अंमल शनिवारची मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं की लगेच. ही रक्कम दरवर्षी भरायची की एकदाच, जुन्या व्हिसावाल्यांनाही लागू की नव्यांनाच, याबद्दल सरकारातलेच लोक वेगवेगळं बोलत होते. बड्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना ‘देशाबाहेर असाल तर ताबडतोब परत या’ अशा ईमेल पाठवल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर विमानात बसलेले काही प्रवासी उड्डाणाआधीच उतरले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खुलासा आला की नव्या अर्जांनाच लागू आणि एकदाच. तोवर तुमचा मुलगा बहुधा विमानात असणार.

आता ‘करता कसं येतं’. हा अधिकार ट्रम्प यांनी कुठून हिसकावून आणलेला नाही, तो त्यांना दिलेला आहे. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात एक कलम आहे. परदेशी नागरिकांच्या कुठल्याही वर्गाचा प्रवेश देशाच्या हिताला बाधक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर तो वर्ग ते थांबवू शकतात. कधीपर्यंत? त्यांना आवश्यक वाटेल तोपर्यंत. काही देशांतल्या नागरिकांवरची प्रवेशबंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारावर पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली होती. बंदी घालणं आणि पैसे आकारणं यात फरक आहे की नाही, हा मात्र वेगळा वाद; तो कोर्टात नेणाऱ्यांचा रोख त्यावरच आहे.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतो तो शुक्रवार. विधेयक येतं तेव्हा समितीत जातं, विरोधक फाडून खातात, ‘सध्या बाहेर असलेल्यांचं काय’ असं कुणीतरी विचारतंच. इथे हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो विमानतळावर.

प्रश्न : संसदेनेच अधिकार दिलाय ना? मग परत का घेत नाही? – एक वाचक, डोंबिवली

द्यायला साधं बहुमत पुरतं, परत घ्यायला दोन तृतीयांश लागतं. कारण अधिकार काढून घेणाऱ्या विधेयकावरही अध्यक्षांचीच सही लागते, आणि त्यांनी नकाराधिकार वापरला की दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश जमवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

काँग्रेसला ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. म्हणून ते अधिकार देतानाच एक दोरी हातात ठेवत. ‘तुम्ही निर्णय घ्या, पण आमच्या सभागृहाने ठराव केला तर तो रद्द.’ अध्यक्षांच्या सहीचा प्रश्नच नाही. ही दोरी तुटली ती जगदीश राय चड्ढा नावाच्या माणसाच्या खटल्यात.

चड्ढा केनियात जन्मलेले, वंशाने भारतीय, पासपोर्ट ब्रिटिश. शिकायला म्हणून १९६६ मध्ये अमेरिकेत गेले आणि १९७२ मध्ये व्हिसाची मुदत संपली. परत जाणार कुठे, हा खरा प्रश्न होता. पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या लोकांची त्या काळात जी त्रिशंकू अवस्था झाली होती, तीच यांची. इमिग्रेशन न्यायाधीशांनी त्यांची हकालपट्टी थांबवली. पण १९७५ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने अशा ३४० नावांपैकी सहा नावं वगळणारा ठराव केला, आणि सहांत चड्ढा होते. ते भांडत राहिले. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका सभागृहाने असा परस्पर ठराव करून निर्णय फिरवणं घटनेत बसत नाही. चड्ढा राहिले. न्याय झाला, यात वाद नाही. पण त्यांच्याबरोबर दोनेकशे कायद्यांतली ती दोरीही गेली.

त्यात १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणीचा कायदाही होता. आधी दोन्ही सभागृहांच्या नुसत्या ठरावाने आणीबाणी संपवता येत असे. १९८५ पासून तो ठराव अध्यक्षांकडे सहीला जाऊ लागला. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी जाहीर केली, दोन्ही सभागृहांनी ती संपवायचा ठराव बहुमताने केला, ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधिगृहात तो उलथवायला २४८ मतं पडली, विरोधात १८१. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हतं. संपला विषय. इराणविरुद्ध कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ ला जाहीर केलेली आणीबाणी तर अजून दरवर्षी नूतनीकरण होऊन चालूच आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे चेअरमन गच्चीला कुलूप, पार्किंगचे दर, सगळं परस्पर ठरवतात आणि नोटिशीखाली लिहितात, ‘सर्वसाधारण सभेच्या मंजुरीच्या अधीन राहून’. सभेला कोरम होत नाही, कुलूप तसंच राहतं. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात? – एक त्रस्त सभासद, ठाणे

अर्जेंटिना म्हणतात.

चेष्टा नाही करत. हुकूम काढायचा अधिकार कमीअधिक सगळीकडेच असतो. माझ्या मते घटना वाचताना पहिल्यांदा एकच गोष्ट शोधावी. संसद गप्प बसली तर हुकूम मरतो की जगतो? आपल्याकडे मरतो. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर वटहुकूम आपोआप संपतो, म्हणजे मतं जमवायची धावपळ सरकारची. अर्जेंटिनात जगतो. तिथे १९९४ च्या घटनेने अध्यक्षांना ‘गरज आणि निकड’ या नावाचा हुकूम काढायची मुभा दिली, आणि २००६ च्या कायद्याने ठरवलं की तो रद्द करायला दोन्ही सभागृहांनी नाकारला पाहिजे. एकाने नाकारला आणि दुसऱ्याने विषयच घेतला नाही, तर हुकूम चालू.

मिलेई अध्यक्ष झाले १० डिसेंबर २०२३ ला. त्यांच्या पक्षाचे ७२ जणांच्या सिनेटमध्ये जेमतेम सात. दहा दिवसांत त्यांनी ३६६ कलमांचा एकच हुकूम काढला. भाडेकरूंचा कायदा रद्द, कामगार कायद्यात फेरफार, किती सांगू. कामगारांचा भाग न्यायालयांनी रोखला. १४ मार्च २०२४ ला सिनेटने अख्खा हुकूम ४२ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला. खालच्या सभागृहाने तो मतदानाला आणलाच नाही. बाकीचा हुकूम राहिला जिवंत. आणि २००६ चा तो कायदा पुढे रेटणाऱ्या तेव्हाच्या सिनेटर कोण, तर क्रिस्तिना फर्नांडेझ दे किर्चनर, म्हणजे मिलेई यांच्या आजच्या कट्टर विरोधक. आपण सत्तेत असताना बांधलेला जिना विरोधकही चढतात, हे त्यांना तेव्हा सुचलं नसावं.

तुमच्या सोसायटीत उपनियमांची प्रत मागवा आणि कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा काय नियम आहे तो वाचा. आणि नोटिशीवर ‘अमुक तारखेपर्यंत मंजुरी न मिळाल्यास रद्द’ एवढी एक ओळ घालायला लावा. मग सभा बोलवायची घाई चेअरमनना होईल.

प्रश्न : वटहुकूम आपोआप संपतो म्हणता, पण संपला की पुन्हा काढायला कोण अडवतं? – एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

फार नेमका प्रश्न. बरीच वर्षं कुणीच अडवत नव्हतं, आणि हे उघडकीला आणलं ते पुण्यातल्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी.

बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत डी. सी. वाधवा संशोधन करत होते. त्यांनी बिहारच्या वटहुकुमांची एकेक नोंद काढली. कुठला कधी निघाला, कधी संपायला हवा होता, आणि पुन्हा कोणत्या तारखेला जसाच्या तसा निघाला. कंटाळवाणं, डोळे दुखवणारं काम. हाती आलं ते असं की १९६७ ते १९८१ या काळात राज्यपालांनी काढलेले २५६ वटहुकूम एक ते चौदा वर्षं जिवंत ठेवले गेले होते. उसाच्या पुरवठ्याचा आणि खरेदीचा एक वटहुकूम तर १३ वर्षं, ११ महिने आणि १९ दिवस टिकला. सहा आठवड्यांची मुदत असलेला कागद! ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला, दहावी झाला, तरी कायदा विधानसभेत आलेला नाही.

युक्ती सोपी होती. अधिवेशन संपलं की जुने वटहुकूम पुन्हा काढायचे. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की अधिवेशन आटोपल्यावर संसदीय कामकाज खात्याकडून सगळ्या सचिवांना पत्र जाई की मुदत संपायच्या आत आपापले वटहुकूम पुन्हा काढून घ्या. असं १९८१ मधलं एक पत्र न्यायालयासमोर आलं. वीजबिल भरायची आठवण करावी, तसं.

वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचा आक्षेप असा की बाहेरच्या माणसाचा यात संबंध काय. न्यायालयाने तो फेटाळला. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात सरन्यायाधीश भगवतींनी या प्रकाराला संविधानाशी केलेली लबाडी म्हटलं आणि वाधवांना त्यांच्या कष्टांबद्दल खर्चापोटी दहा हजार रुपये द्यायला सांगितले. पुढे २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने, बहुमताचा निकाल न्यायमूर्ती चंद्रचूड यांचा, आणखी घट्ट सांगितलं की वटहुकूम विधिमंडळासमोर ठेवणं हे सरकारच्या मर्जीवर नाही, ठेवलाच पाहिजे. तो खटलाही बिहारचाच, ४२९ संस्कृत शाळांचा.

पण ‘अडवतं का’ म्हणाल, तर पूर्ण नाही. भूसंपादनाचा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ ला निघाला, राज्यसभेत बहुमत नव्हतं, म्हणून २०१५ मध्ये आणखी दोनदा निघाला. त्या दोनांतल्या पहिल्या खेपेला तर अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधेच राज्यसभेची सत्रसमाप्ती करून वाट मोकळी केली गेली. शेवटी ऑगस्टअखेर तो गेला, पण विरोधामुळे, न्यायालयामुळे नव्हे.

ब्राझीलने हेच भोगलं आणि घटनाच बदलली. तिथले अध्यक्षीय हुकूम तीस दिवसांचे, पण महिन्याच्या महिन्याला पुन्हा काढले जात. १९९४ मध्ये ‘रेआल’ हे नवं चलन आलं ते अशाच हुकुमाने, आणि त्याचा रीतसर कायदा व्हायला वर्ष गेलं. तेवढे महिने देशाच्या खिशातलं नाणंच मुदतवाढीवर होतं. २००१ च्या दुरुस्तीनंतर साठ दिवस, एकदाच आणखी साठ, आणि त्याच वर्षीच्या अधिवेशनात पुन्हा काढायला बंदी.

प्रश्न : कोणत्या अध्यक्षाने सर्वात जास्त आदेश काढले? – स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, नांदेड

अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट, ३,७०० हून अधिक. परीक्षेपुरतं हे पाठ करा, पण आकड्यावरून हुकूमशाही मोजू नका. त्या हजारोंत बरेच किरकोळ आहेत आणि १९ फेब्रुवारी १९४२ चा एकच आदेश असा की त्यावर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं.

आकडा बघायचाच तर कायद्यांच्या शेजारी ठेवून बघा. जर्मनीत १९३१ मध्ये अध्यक्षांचे आणीबाणीतले हुकूम ४४ आणि संसदेचे कायदे ३४. पुढच्या वर्षी हुकूम ६० च्या घरात, कायदे पाच. हिटलर यायच्या आधीची गोष्ट आहे ही. आणि तिथल्या घटनेत संसदेला हुकूम रद्द करायचा अधिकार चक्क होता! १९३० च्या जुलैमध्ये तिने तो वापरलाही. अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संसदच बरखास्त केली आणि तोच हुकूम पुन्हा काढला. सप्टेंबरात निवडणूक झाली, नाझी १२ जागांवरून १०७ वर गेले.

प्रश्न : म्हणजे संसद बरखास्त करता येत असेल तर बाकी सगळं फोल? – एक निवृत्त शिक्षक, मडगाव

बरचसं. दोन रात्री शेजारी ठेवतो.

ट्युनिशियाचे कैस सईद घटनात्मक कायदा शिकवणारे प्राध्यापक. निवडून आले २०१९ मध्ये. २५ जुलै २०२१ च्या रात्री त्यांनी घटनेच्या कलम ८० चा हवाला देऊन पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. कलम ८० काय सांगत होतं? अशा काळात संसद सलग चालू राहील आणि बरखास्त करता येणार नाही. तीस दिवसांनी घटनात्मक न्यायालयाकडे दाद मागता येईल. पण ते न्यायालय स्थापनच झालं नव्हतं. नावांवरून पक्षांची वर्षानुवर्षं रस्सीखेच, आणि अखेर त्यासाठीच्या कायदादुरुस्तीवर सही करायला सईद यांचाच नकार. सभापती राशिद घन्नुशी पहाटे संसदेच्या फाटकाशी आले. आत लष्कर, फाटक बंद. ते गाडीत बसून राहिले. सप्टेंबरात ११७ क्रमांकाचा हुकूम निघाला, त्यात अध्यक्षांच्या हुकुमांविरुद्ध दाद मागायचीही सोय उरली नाही. ३० मार्च २०२२ ला खासदारांनी ऑनलाइन बैठक घेऊन हे सगळं रद्द करायचं मतदान केलं. त्याच संध्याकाळी संसद बरखास्त.

दुसरी रात्र दक्षिण कोरियातली, ३ डिसेंबर २०२४. साडेदहाच्या सुमाराला अध्यक्ष युन सुक-योल टीव्हीवर आले आणि लष्करी कायदा पुकारला. संसदेसह सर्व राजकीय हालचालींवर बंदी. आता तिथली घटना बघा. अध्यक्षाला संसद बरखास्त करायचा अधिकार नाही, आणि संसदेने एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली तर लष्करी कायदा मागे घ्यावाच लागतो. ३०० पैकी १५१ माणसं आत पोहोचवायची, एवढाच प्रश्न.

फाटकावर पोलीस, म्हणून खासदार कुंपणावरून चढले. विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग चढताना मोबाइलवर थेट प्रक्षेपण करत होते. सभापती वू वोन-शिक वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी भिंत ओलांडून आत आले. सैनिक खिडक्या फोडून इमारतीत शिरले, कर्मचाऱ्यांनी सोफे-खुर्च्या दारांना लावल्या. सभागृहातले खासदार ओरडत होते, घ्या लवकर मतदान. सभापती म्हणाले, ठराव रीतसर दाखल होऊ दे, प्रक्रियेत चूक राहता कामा नये. बाहेर धडाधड आवाज, आणि हे थांबलेले. रात्री एक वाजता मतदान झालं. १९० हजर, १९० बाजूने, त्यातले १८ अध्यक्षांच्याच पक्षाचे. साडेचारच्या सुमाराला मंत्रिमंडळाने लष्करी कायदा मागे घेतला. ४ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने युन यांना पदावरून काढलं.